कोण कोणावर लादतंय? : 'इम्पोज' या एका इंग्रजी क्रियापदाच्या निमित्ताने



गेल्या नोव्हेंबरची गोष्ट आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आमचं गाव. गावच्या बुद्धविहारात संध्याकाळी आम्ही स्पर्धा परीक्षेचा वर्ग घेतो. पोलीस भरती, तलाठी, ग्रामसेवक, ज्याला जे जमेल ते. धानाची कापणी चालू होती. दिवसभर बांधीत राबून आलेली पोरं-पोरी पेंगत होती. त्यांना जागं ठेवायला आम्ही इंग्रजी शब्दांचे अर्थ विचारत होतो. तेवढ्यात एका पोरीने हात वर केला.

"सर, इम्पोज म्हंजे का जी?"

आम्ही म्हणालो, "लादणे." फळ्यावर लिहिलं आणि पुढच्या शब्दाकडे वळलो. ती मात्र वहीकडे बघत बसली. मग हळूच म्हणाली, "मंग आमी कोणावर का लादलं?"

विचारपूस केली तेव्हा प्रकार कळला. ती ज्या महाविद्यालयात शिकते तिथे तिने आणि तिच्या मैत्रिणींनी अर्ज दिला होता. २६ नोव्हेंबरला संविधान दिनी सगळ्यांनी मिळून उद्देशिका वाचावी, दहा मिनिटं द्यावीत, एवढीच मागणी. तिथल्या एका जबाबदार व्यक्तीने अर्ज वाचला, बाजूला ठेवला आणि इंग्रजीत सुनावलं, "डोन्ट इम्पोज युअर आयडियोलॉजी ऑन अदर्स." तुमची विचारसरणी दुसऱ्यांवर लादू नका! पोरींना वाक्य नीट कळलं नाही, पण अपमान कळला. अपमान कळायला इंग्रजी यावं लागत नाही.

खरं सांगायचं तर त्या रात्री आम्हाला तिच्या प्रश्नाचं धड उत्तर देता आलं नाही. "जाऊ दे, मनुवादी आहेत ते," असं म्हणून वेळ मारून नेली. घरी आल्यावर आमची आम्हालाच लाज वाटली. पोरगी शब्दाचा अर्थ विचारत होती आणि आम्ही तिला शिवी शिकवली. म्हणून शब्दकोश काढला, संविधानाची इंग्रजी प्रत काढली, बाबासाहेबांचे खंड काढले. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यासमोर ठेवत आहोत. हा इंग्रजी व्याकरणाचा तास वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा.

'इम्पोज' हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत आला. लॅटिन मूळ 'इम्पोनेरे', म्हणजे वर ठेवणे. आपलं मराठी 'लादणे' याच जातीचं आहे. बैलावर गोणी लादतात, गाडीवर धान लादतात. लादणारा उभा असतो, ज्याच्यावर लादायचं तो खाली मान घालून असतो. गोणी ठेवताना बैलाला कोणी विचारत नाही, "बाबा रे, चालेल का?" या क्रियापदात विचारणं नाहीच.

इंग्रजी वाक्यात हे क्रियापद कसं वापरतात ते बघा. इम्पोज कोणी केलं, काय केलं आणि कोणावर केलं, या तीन जागा त्यात असतात. 'फोर्स' किंवा 'कम्पेल' म्हटलं की माणूस थेट पकडला जातो: अमक्याला तमकं करायला भाग पाडलं. 'इम्पोज' म्हटलं की आधी वस्तू येते, मग 'ऑन' हे अव्यय येतं, मग माणूस. कर, दंड, बंदी, संचारबंदी, अट, शिक्षा, बहिष्कार या सगळ्या गोष्टी 'इम्पोज' होतात. भेटवस्तू इम्पोज होत नाही, निमंत्रण होत नाही, विनंतीही होत नाही. अर्ज तर मुळीच होत नाही! कारण ते खालून वर जातात आणि 'इम्पोज' वरून खाली येतं.

या धातूची भावंडंही बघण्यासारखी आहेत. 'इम्पोजिंग' म्हणजे छाप पाडणारं, भव्य. कलेक्टर कचेरीची जुनी इमारत 'इम्पोजिंग' असते, कारण तिच्यासमोर उभं राहिलं की आपण लहान होतो. 'इम्पोस्टर' म्हणजे तोतया, तोही याच मुळातून आला. आणि सुशिक्षित इंग्रज पाहुणा म्हणतो, "आय डोन्ट वॉन्ट टु इम्पोज," म्हणजे माझ्यामुळे तुम्हाला उगाच त्रास नको. ज्याला दुसऱ्याच्या घरी सहज जाता येतं तोच असं म्हणू शकतो. ज्याला ओसरीच्या वर कधी चढू दिलं नाही, त्याच्या तोंडी हे वाक्य येणार कसं?

यावरून आम्ही पोरांसाठी तीन प्रश्न तयार केले. कोणीही 'इम्पोज', 'लादणे', 'सक्ती' हे शब्द वापरले की हे तीन प्रश्न विचारायचे.

पहिला, लादणारा कोण, आणि त्याच्या हातात सत्ता आहे का?
दुसरा, ज्याच्यावर लादलं त्याला कोणी विचारलं होतं का?
तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा, त्याने नाही म्हटलं तर त्याचं काय होतं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'काहीच नाही' असं असेल तर तिथे 'इम्पोज' हा शब्द चुकीचा आहे. तो सल्ला असेल, आग्रह असेल, प्रचार असेल, वाद असेल. ते लादणं नाही.

आता ही कसोटी आपल्या गावाला लावून बघू.

आम्ही लहान असताना आमच्या गावात १४ एप्रिलची मिरवणूक पहिल्यांदा मुख्य रस्त्याने नेली गेली. तोवर ती मोहल्ल्यातल्या मोहल्ल्यात फिरायची. त्या रात्री काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पण चार दिवसांनी आमची आई ज्वारीचा डबा घेऊन चक्कीवर गेली आणि तशीच परत आली. किराणा दुकानात उधारी बंद झाली. मग रोवणी आली. गावातल्या सगळ्या बाया गाणी म्हणत बांध्यांमध्ये वाकल्या होत्या आणि आमच्या मोहल्ल्यातल्या बाया दारात बसून होत्या. त्या हंगामात एकाही मालकाने त्यांना हाक मारली नाही. ज्यांचं वर्षाचं मीठ-मिरची रोवणीच्या रोजीवर चालतं त्यांच्यासाठी याचा अर्थ काय, हे सांगायची गरज नाही.

कोणी कागद काढला नव्हता. कोणाची सही नव्हती, दवंडी नव्हती. विचारलं तर प्रत्येक जण म्हणायचा, "मी काही केलं नाही बाप्पा, गावाचं ठरलं आहे." लादणारा दिसत नाही, पण ओझं दिसतं, ही गावकीची खासियत आहे.

ही गोष्ट बाबासाहेबांना पक्की ठाऊक होती. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी सामाजिक बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा ठरवावा अशी मागणी केली. ब्रह्मदेशातला १९२२ चा बहिष्कारविरोधी कायदा त्यांनी त्यासाठी आधाराला घेतला. बहिष्कार टाकणारा, चिथावणी देणारा आणि धमकी देणारा या तिघांनाही शिक्षा व्हावी असं त्यांनी मांडलं. मारहाणीचा पुरावा अंगावर असतो. बहिष्काराचा पुरावा रिकाम्या डब्यात असतो. तो डबा कोर्टात कसा दाखवणार, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी कायद्याच्या भाषेत शोधलं.

आमच्या आईला त्यातलं काही माहीत नव्हतं. १९५५ चा नागरी हक्क संरक्षणाचा कायदा तेव्हा होता, पण तो कागदावर. गावात त्याचं नाव ऐकलेला माणूस नव्हता. पुढे १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आला. त्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. या दुरुस्तीने कलम ३(१) मध्ये 'झेडसी' हे पोटकलम आलं. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीवर, कुटुंबावर किंवा गटावर सामाजिक वा आर्थिक बहिष्कार टाकणं किंवा तशी धमकी देणं हा गुन्हा झाला. त्या पोटकलमाचा इंग्रजी मजकूर काढून बघा. तिथे क्रियापद कोणतं आहे? 'इम्पोजेस'! आमच्या आईच्या रिकाम्या डब्यासाठी कायद्याने जो शब्द वापरला, तोच शब्द आज आमच्या पोरींच्या अर्जासाठी वापरला जातो. शब्दाची चोरी म्हणतात ती ही.

महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी स्वतंत्र कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कार्यकर्त्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. तो कायदा मुख्यतः आपल्याच समाजातल्या माणसावर बहिष्कार टाकणाऱ्या जातपंचायतींसाठी आहे. गावाने बौद्ध मोहल्ल्यावर बहिष्कार टाकला असेल तर ॲट्रॉसिटी कायद्याचं हे पोटकलम पुढे करावं लागतं. ठाण्यात गेल्यावर 'गावात भांडण झालं' असं लिहून घेतात. तिथे 'बहिष्कार टाकला' हे शब्द तक्रारीत आलेच पाहिजेत असा आग्रह धरा.

संविधानातही हे क्रियापद आहे, आणि मोजून-मापून वापरलेलं आहे. अनुच्छेद १९ मध्ये राज्याला स्वातंत्र्यांवर निर्बंध 'इम्पोज' करता येतात, पण ते वाजवी हवेत. अनुच्छेद २३ ने वेठबिगार बंद केली. त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात म्हटलं आहे की सार्वजनिक कामासाठी राज्य सक्तीची सेवा 'इम्पोज' करू शकेल, पण ती करताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग बघून भेदभाव करता येणार नाही. याचा अर्थ समजून घ्या. संविधान लादण्याचा अधिकार पूर्णपणे नाकारत नाही. कर लादल्याशिवाय, दंड लादल्याशिवाय राज्य चालत नाही. पण जो लादेल त्याने कारण दिलं पाहिजे, कायदा दाखवला पाहिजे आणि सगळ्यांवर सारखं लादलं पाहिजे. मालगुजाराच्या वाड्यावर बिनमजुरीने राबणाऱ्या आमच्या आज्याला यातलं काहीच मिळालं नव्हतं.

आता अनुच्छेद १७ बघा. अस्पृश्यता नष्ट केली आहे, हे तर सगळ्यांना पाठ आहे. पण पुढचं वाक्य किती जणांनी नीट वाचलं? अस्पृश्यतेतून आलेली कोणतीही निःसमर्थता अमलात आणणं हा गुन्हा आहे. इथे 'इम्पोज' नाही, 'एन्फोर्समेंट' आहे. 'इम्पोज' म्हणजे ओझं ठेवणं. 'एन्फोर्स' म्हणजे ठेवलेलं ओझं खाली पडू न देणं. आज कोणीही उठतो आणि म्हणतो, "जात काय आम्ही बनवली? ती तर हजारो वर्षांपूर्वीची." बरोबर आहे, तुम्ही नाही बनवली. पण चक्कीवाल्याला डोळ्याने खुणावलं कोणी? भाड्याची खोली देताना आडनाव विचारलं कोणी? संविधान तुम्हाला हजार वर्षांपूर्वीचा हिशेब मागत नाही, आजचा मागतं. ओझं कोणी ठेवलं हा इतिहासाचा प्रश्न झाला. ते आज कोण धरून ठेवतंय हा फौजदारी प्रश्न आहे.

इतिहासाचा प्रश्न निघालाच आहे तर एक अवघड गोष्ट सांगावी लागेल. आमच्या वर्गातल्या एका पोराने लगेच लिहून ठेवलं होतं, 'ब्राह्मणांनी जातिव्यवस्था आपल्यावर इम्पोज केली.' हे वाक्य आपण शंभर भाषणांत ऐकलं आहे. पण बाबासाहेब काय म्हणतात? ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी जातीवरचा निबंध वाचला. वय अवघं पंचवीस. त्यात त्यांनी हाच शब्द, 'इम्पोजिंग', वापरून सांगितलं की ब्राह्मणांनी बरंच काही केलं असेल, पण बाकी सगळ्या समाजावर जातिव्यवस्था लादणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. मनूने जात निर्माण केली नाही, जी होती तिला त्याने नियमांत बसवलं. एका वर्गाने स्वतःला कोंडून घेतलं, आपल्यातल्या आपल्यातच लग्नं लावायला सुरुवात केली. त्याच्या प्रतिष्ठेकडे बघून खालचे त्याचं अनुकरण करत गेले, आणि ज्यांना बाहेर ठेवलं गेलं त्यांची आपोआपच वेगळी जात झाली.

काही जणांना हे वाचून धक्का बसतो. बाबासाहेबांनी ब्राह्मणांना सोडून दिलं का? अजिबात नाही. त्याच बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. पण त्यांनी शत्रू नीट ओळखला. नुसतं वरून लादलेलं ओझं असतं तर लादणारा दूर केला की संपलं असतं. जात तशी नाही. प्रत्येकाला वरच्याचं ओझं खुपतं आणि खालच्यावर आपलं ओझं ठेवायला मिळतं म्हणून तो गप्प बसतो. श्रेणीबद्ध विषमता ती हीच. म्हणून 'आपल्यावर लादलं' एवढं म्हणून आपली सुटका नाही. 'आपण काय उचलून धरलं?' हेही विचारावं लागतं.

हे विचारायची वेळ आपल्या जिल्ह्यात मागच्याच वर्षी आली होती. १६ एप्रिल २०२५ ला राज्य सरकारने शासन निर्णय काढला. मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी अनिवार्य. ओरड झाली. १७ जूनला सुधारित निर्णय आला. 'अनिवार्य' शब्द गेला, 'सर्वसाधारणपणे' शब्द आला. हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर वर्गातल्या किमान २० विद्यार्थ्यांनी तशी मागणी करावी, अशी अट आली. शेवटी २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

गोंदियाच्या माणसाला हिंदीचा तिटकारा नाही. एका बाजूला बालाघाट, दुसऱ्या बाजूला राजनांदगाव. गोंदियाच्या बाजारात, राइस मिलमध्ये, रेल्वे स्टेशनवर आपण सगळेच हिंदी बोलतो. ती आपल्याला कोणत्या जीआरने शिकवली नाही, पोटापाण्याने शिकवली. बाबासाहेब स्वतः हिंदी ही सगळ्या देशाची राजभाषा व्हावी या मताचे होते, हेही लपवण्याचं कारण नाही. प्रश्न भाषेचा नव्हता, तिसऱ्या कसोटीचा होता. नाही म्हटलं तर काय होईल? देवरी-सालेकसा भागातल्या ज्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते चौथी मिळून वीस पोरं भरत नाहीत, तिथे एका वर्गात वीस पोरांनी मागणी करायची कशी? 'अनिवार्य' शब्द खोडला, ओझं तसंच राहिलं. जीआर वाचताना शब्द बघू नका, अट बघा.

त्या दिवसांत आमच्या एका कार्यकर्त्याने फलक रंगवला होता: 'हिंदी थोपवू नका'. एक म्हातारे गुरुजी तो वाचून हसत सुटले. हिंदीत 'थोपना' म्हणजे लादणे. मराठीत 'थोपवणे' म्हणजे अडवणे. म्हणजे फलकाचा अर्थ झाला, हिंदीला अडवू नका! सीमेवरचं आपलं मराठी असं आहे. विरोध करायलाही शब्द हिंदीतून उसना येतो. आम्हीही हसलो, फलक पुसला, 'लादू नका' असं लिहिलं.

पण त्याच सभेत मागे बसलेल्या एका गोंड तरुणाने उभं राहून विचारलं, "आमच्यावर मराठी कोणी लादली?" सभा चिडीचूप झाली. घरात गोंडी बोलणारं सहा वर्षांचं लेकरू शाळेत येतं आणि पहिल्या दिवसापासून त्याला न कळणाऱ्या भाषेत रागावणं सुरू होतं. अनुच्छेद ३५० क सांगतो की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी. शेजारच्या गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तर शिक्षण खात्याने तिला बेकायदेशीर ठरवलं. तेव्हा मराठीच्या बाजूने रस्त्यावर उतरलेले किती जण मोहगावच्या बाजूने बोलले? आपण तरी बोललो का? भाषिक राज्यात मोठ्या समाजाच्या हाती सत्ता जाईल आणि लहान समाज त्याखाली दबतील, असा इशारा बाबासाहेबांनी १९५५ मध्येच 'थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स'मध्ये दिला होता. हिंदीविरुद्ध आपण लादले गेलेले असतो आणि गोंडीपुढे लादणारे. हे मान्य केल्याशिवाय आपल्याला हा शब्द वापरायचा नैतिक अधिकार नाही.

आणि आता घरातली गोष्ट. ही लिहावी की नाही याचा आम्ही बराच विचार केला.

आमची आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला होती. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता, १ मे १९९९ ला वेगळा झाला. याच भंडाऱ्यात १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांचा पराभव झाला होता आणि आजी तो कधी विसरली नाही. "आपल्या जिल्ह्यानं त्यायले पाडलं," म्हणायची. कदाचित म्हणूनच दोन वर्षांनी कडेवर लेकरू घेऊन ती दीक्षाभूमीवर गेली असावी.

पुढे आम्ही चळवळीत आलो. रक्त गरम होतं. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. आजी रोज तिन्हीसांजेला दारात एक दिवा लावायची. समोर देव नाही, फोटो नाही, नुसता दिवा. आम्ही एके दिवशी तो उचलून फेकला. "हे मनुवादी आहे, या घरात चालणार नाही!" आजी काही बोलली नाही. दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबासायबानं आमाले इचारलं होतं. ज्यायले धम्म घ्याचा हाये त्यायनं उभं राहा म्हनले, तवा मी माह्या पायानं उभी राह्यली. तू इचारलं नाही. तू हुकूम देल्ला."

त्या वेळी आम्हाला त्यातलं काही कळलं नाही. आज ही तीन प्रश्नांची कसोटी तयार केल्यावर कळतं. घरात सत्ता कोणाकडे होती? आमच्याकडे. तिला विचारलं होतं का? नाही. तिने नाही म्हटलं असतं तर? घरात रोज भांडण झालं असतं आणि आम्हीच जिंकलो असतो. बाबासाहेबांनी लाखो लोकांसमोर प्रतिज्ञा दिल्या, पण आधी उभं राहायला सांगितलं. बसून राहायची मुभा होती. ज्या धम्मात 'येऊन पाहा' हे निमंत्रण आहे, तो आम्ही आमच्याच आजीवर लादला. चळवळीतल्या पोरांनो, आपल्या बायकोवर, बहिणीवर, लेकीवर आपण 'विचार' म्हणून काय काय लादतो, ते एकदा एकांतात मोजा. विहारातल्या वर्गातून अंधार पडायच्या आत पोरींना जावं लागतं, पोरांना नाही. हे कोणी लादलं? मनूने की आपण?

आता परत त्या अर्जाकडे येऊ. पुढच्या वर्गात आम्ही पोरीला तीन प्रश्न दिले आणि उत्तरं तिलाच काढायला लावली. तिने लिहिलं ते असं. अर्ज करणाऱ्या आम्ही विद्यार्थिनी, आमच्या हातात सत्ता नाही. आम्ही परवानगी मागितली, म्हणजे विचारलं. कोणाला वाचायचं नसेल तर त्याचं काहीही होणार नाही. म्हणून हे 'इम्पोज' नाही. मग तिने स्वतःहून खाली आणखी एक प्रश्न लिहिला: दर कार्यक्रमाला सरस्वतीपूजन होतं, तिथे हात जोडले नाहीत तर काय होतं? आणि उत्तर लिहिलं: नाव लक्षात ठेवतात.

आम्ही तिला अनुच्छेद २८ चा तिसरा खंड दाखवला. राज्याने मान्यता दिलेल्या किंवा अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेला हजर राहायला लावता येत नाही. व्यक्ती अज्ञान असेल तर पालकाची संमती हवी. ती बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसली होती. पूजा रूढी असते आणि उद्देशिका 'आयडियोलॉजी' असते, हे कोणी ठरवलं? ज्याचं ओझं रोजचं झालं त्याचं नाव 'परंपरा' पडतं, आणि ते उतरवून ठेवा म्हणणारा 'लादणारा' ठरतो. ओझं उतरवणं म्हणजे लादणं नव्हे. या एका वाक्यासाठी आम्ही एवढं लिहिलं.

पोरींनी दुसरा अर्ज केला. त्याला उत्तर आलं नाही. २६ नोव्हेंबरला दुपारी कॉलेज सुटल्यावर त्या गेटबाहेर, रस्त्याच्या कडेच्या निंबाखाली जमल्या. आम्ही बाजूला उभे होतो, बोलायचं नाही असं आधीच ठरलं होतं. ती पोरगी पुढे झाली आणि म्हणाली, "ज्यांना वाचायची आहे त्यांनी उभं राहा. ज्यांना नाही त्यांनी बसलं तरी चालते." अकरा जणी उभ्या राहिल्या. तीन पोरं सायकलवरून उतरली. चहाच्या टपरीवरचा म्हातारा बसल्या जागेवरून ऐकत होता. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, "हे कोणाचं आहे?" ती म्हणाली, "बाबा, तुमचंच आहे."

आम्हाला आमची आजी आठवली.

मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी तुम्हाला म्हणालं की तुम्ही तुमचे विचार आमच्यावर लादता, तर चिडू नका, शिवी देऊ नका. तीन प्रश्न विचारा. सत्ता कोणाकडे आहे? विचारलं होतं का? नाही म्हटलं तर काय होतं? आणि हेच तीन प्रश्न घरी गेल्यावर स्वतःलाही विचारा. हा शब्द ओझं वाहणाऱ्यांचा आहे. तो लादणाऱ्यांच्या हाती जाऊ देऊ नका, आणि तो आपल्याकडे बोट दाखवून वापरला जाईल असं वागू नका.

जयभीम! जय संविधान!